खालच्या मजल्यावरचं नेट

पासवर्ड चुकीचा आहे, असं लॅपटॉपनं मला सातव्यांदा सांगितलं तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

घराचा नंबर घालून झाला होता. सासऱ्यांचं नाव, भावजींच्या मोटारसायकलचा नंबर, पार्श्वनाथ भगवंतांचं नाव आधी लहान अक्षरांत, मग मोठ्या अक्षरांत, सगळं घालून झालं होतं. पडद्यावर ‘चौगुले’ हे नाव चारही पट्ट्यांनिशी दिसत होतं. म्हणजे नेट घरातच होतं, माझ्या पायाखालच्या फरशीखाली, जाऊबाईंच्या बाहेरच्या खोलीत. आणि जाऊबाई आणि मी दोन वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो.

मी आमच्या ह्यांना फोन लावला. हे म्हणजे महावीर; जयसिंगपुरात शिरोळ रस्त्याला ह्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे.

“भावजींना पासवर्ड विचारलात का? काल विचारतो म्हणाला होतात.”

“नाही विचारला.”

“विसरलात?”

“विसरलो नाही, मुद्दामच विचारला नाही. आज क्षमावणी आहे, शरयू. खाली जा, वैनीपुढं हात जोड, दोन शब्द बोल. पासवर्डपण मिळेल. एका फेरीत दोन कामं.”

“अकरा वाजता माझी मुलाखत आहे आणि तुम्ही मला भांडणं मिटवायला पाठवताय?”

“आज नाही तर कधी मिटवायचं?”

“भावजी फोन उचलत नाहीत.”

“दादा बस्तीत आहे. पूजेला जाताना फोन घरी ठेवतो, तुला काय माहीत नाही व्हय? गिऱ्हाईक आलंय, ठेवतो मी.”

आणि ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथंच बसून ह्यांना असं काही बोलले की भिंतीवरच्या कॅलेंडरलाही लाज वाटली असेल.

बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आणि क्षमावणी म्हणजे दहा दिवसांचं पर्व संपल्यावर येणारा तो दिवस, ज्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकापुढं हात जोडून म्हणायचं, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला म्हणतो, मालक नोकराला म्हणतो. समोरच्यानं ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं आणि पाटी कोरी झाली असं समजायचं. पाटी कोरी होते की नाही हे ज्याचं त्याला ठाऊक.

गेल्या क्षमावणीला मी आजारी असल्याचं सोंग करून दिवसभर वरच थांबले होते. अक्काही वर आल्या नव्हत्या.

अक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई, रत्नमाला. भावजी भूपाल. खालचा मजला त्यांचा, वरचा आमचा. चूल वेगळी झाली, पाण्याची टाकी वेगळी झाली, जिन्याला मधे दारसुद्धा बसलं. नेट तेवढं एकच राहिलं, कारण दोन्ही भावांना ते वेगळं करणं कोत्या मनाचं वाटलं. आमच्या फोनांत ते चालायचं. पावसाळ्यात नवीन यंत्र बसलं तेव्हा भावजींनी जिन्याच्या दारात येऊन आमचे फोन मागून घेतले, आपल्या हातानं पासवर्ड घातला आणि परत दिले. कोणाला विचारायला नको, कोणाला सांगायला नको. भावजींचं सगळं वागणं असंच होतं.

फोनवर भागण्यासारखं असतं तर मी फोनवर भागवलं असतं. पुण्याची एक कंपनी शाळेच्या मुलांना नेटवरून गणित शिकवणाऱ्या बायका घेत होती. घरी बसून काम. मी एमएस्सी झालेली, लग्नाआधी चार वर्षं क्लास घेतलेली, आणि लग्नानंतर नऊ वर्षं भाकऱ्या थापत बसलेली. मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर धडा घेऊन दाखवायचा होता आणि त्यांची लिहायची पाटी फक्त लॅपटॉपवर उघडायची. आधी दोन वेळा मी भाचीचा लॅपटॉप आणून त्याला फोनचं नेट जोडून पाहिलं, कारण खाली जायचं नव्हतं. दोन्ही वेळा मध्येच पडदा गोठला आणि मी तोंड उघडं ठेवून त्यात अडकले. पुण्याच्या मॅडमनी लिहिलं, ही तिसरी वेळ शेवटची. घरी चांगलं नेट नसेल तर पुन्हा अर्ज करू नये. त्यावर मी हट्टानं नवा लॅपटॉप घेतला. अक्कांना मात्र शेवटच्या दिवसापर्यंत टाळलं.

आता कुणी म्हणेल, दोन जावांचं भांडण ते काय असणार. माझी धाकटी बहीण पद्मजा, तिला हुपरीचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी झाला कारण आईकडं जागा नव्हती. पोहे झाले, पसंती झाली, सुपारीची तारीख काढायचं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला की जमत नाही. कारण विचारलं तर म्हणाले, मुलीला फिट येतात हे आधी सांगायला हवं होतं. पद्मजाला फिट आली होती आठव्या वर्षी, दोनदा. नंतर कधीच नाही. हे त्या दिवशी घरात असलेल्या माणसांपैकी आईला, मला आणि अक्कांना माहीत होतं. आई सांगणार नाही आणि मी सांगणार नाही.

मी खाली जाऊन अक्कांना जाब विचारला. त्या गप्प राहिल्या. मग मी काहीबाही बोलले. रागात माणसाचं तोंड सुटतं. त्या दिवसापासून अबोला.

सव्वादहा वाजता मी जिना उतरले. उतरताना ठरवलं होतं, हात जोडायचे नाहीत. पासवर्ड मागायचा, घ्यायचा, वर यायचं.

अक्का स्वयंपाकघरात ताटात मूगडाळ निवडत बसल्या होत्या. दहा दिवस एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मोरीत हौसाबाई भांडी घासत होती. मी दारात उभी राहिले. अक्कांनी मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली.

“हौसाबाई,” त्या डाळीला म्हणाल्या, “विचारा, काय काम काढलंय.”

हौसाबाईनं साबणाचे हात तसेच धरून माझ्याकडं पाहिलं. “वैनी, इचारत्यात, काय काम हाय.”

“सांगा, नेटचा पासवर्ड पाहिजे.”

“पासवर्ड पायजे म्हनं.”

“कशाला?”

“कशाला म्हनं.”

“नवीन लॅपटॉप जोडायचाय. अकरा वाजता मुलाखत आहे.”

“लॅपटॉप घेताना खालच्यांची आठवण झाली नाही,” अक्का खडा टिपत म्हणाल्या. “जोडताना बरी झाली. सांगा तसं.”

“सांगा त्यांना, खालच्यांची आठवण आम्हाला रोज होते. पद्मजाकडं बघितलं की होते.”

अक्कांचा हात थांबला. हौसाबाईनं हातातलं पातेलं मोरीत आदळलं.

“हे बगा बायांनो, मला अजून दोन घरं हायती. सणाचा दिस हाय. देवानं त्वांड दिलंय तर बोला की एकमेकींशी. मी काय मधली तार हाय व्हय?” तिनं पदराला हात पुसले, चप्पल घातली आणि मागच्या दारानं निघून गेली. भांडी अर्धी तशीच पडली.

घरात आम्ही दोघीच राहिलो. मी घड्याळाकडं पाहिलं. दहा वीस.

अक्का उठल्या. नळाखाली हात धुतले, पदर खांद्यावरून ओढून घेतला, माझ्यासमोर आल्या आणि दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं नव्हतं असं काही होईल. मी एक पाऊल मागं सरकले.

“शरयू,” त्या म्हणाल्या. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. “हुपरीच्या बाईंना मीच सांगितलं. इथं, ह्याच ओट्यापाशी. त्यांनी विचारलं, पोरगीची तब्येत लहानपणापासून चांगली आहे न्हवं, आणि मी बोलून गेले. बोलायला नको होतं. ते सांगायचं न सांगायचं तुझ्या आईनं ठरवायचं. माझ्या बोलण्यानं पोरीचं ठरलेलं मोडलं. क्षमा कर मला.”

दोन वर्षं मी ह्याच वाक्याची वाट पाहिली होती. त्या नाकारतील, मग मी अशी बोलेन, त्या तसं म्हणतील, मग मी असा टोला देईन, सगळं मनात रचून ठेवलं होतं. आणि त्यांनी सरळ कबूल करून टाकलं. माझ्या हातात काही उरलंच नाही. उरलं होतं ते घड्याळ.

“उत्तम क्षमा, अक्का,” मी म्हणाले. “मलाही करा. पासवर्ड देता?”

अक्कांनी हात खाली घेतले. फ्रिजवरून भावजींची काळी डायरी काढली, खुर्चीवर बसल्या आणि डायरी मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला.

“ह्यात लिहिलेला आहे,” त्या म्हणाल्या. “पण कशाची क्षमा?”

“म्हणजे?”

“मी काय केलं ते मी नाव घेऊन सांगितलं. तू कशाची मागितलीस?”

“अक्का, दहा पंचवीस झालेत.”

“दोन वर्षं झालीत.”

“चुकलंमाकलं सगळं त्यात आलं. सगळे असंच म्हणतात.”

“सगळे म्हणतात. सकाळपासून मी चाळीस जणांना म्हटलं. दूधवाल्याला म्हटलं, गल्लीच्या तोंडाला भाजी विकणारीला म्हटलं. त्यांनी माझं काही केलं नाही, मी त्यांचं काही केलं नाही. तू त्या दिवशी काय म्हणालीस ते तोंडानं म्हण. मग क्षमा माग. मी लगेच करते.”

“अडवणूक करताय तुम्ही माझी. सणाच्या दिवशी.”

“करते. तू एरवी आली नसतीस.”

खरं होतं. खरं असल्यामुळं माझ्या नाकाला आणखीच मिरच्या झोंबल्या.

“मी बोलले ते तुम्हाला पाठ असेल. पुन्हा कशाला ऐकायचं?”

“मला पाठ आहे. तुला आहे का बघायचंय.”

मी हात पुढं केला. त्यांनी डायरी छातीशी धरली. क्षणभर मनात आलं, ओढून घ्यावी. दहा दिवसांच्या उपासानं ती बाई वाऱ्यानं हलत होती. ओढली असती तर आली असती. ते मी केलं नाही, ह्याचं श्रेय मी पुढं बरीच वर्षं स्वतःला देत आले.

“मला ही नोकरी पाहिजे, अक्का,” मी म्हणाले, आणि माझा आवाज फुटला, रागानं की रडण्यानं ते मलाही कळलं नाही. “नऊ वर्षं झाली. तुम्हाला काय कळणार?”

“मला काय कळणार,” अक्का म्हणाल्या. “हेच म्हणायचीस तू. आता ते दुसरं म्हण.”

दहा चाळीस.

मला शब्द न् शब्द पाठ होता. दोन वर्षांत मी तो नवऱ्याला सांगितला नव्हता, आईला सांगितला नव्हता. भांडण सांगताना तेवढं गाळून सांगायची. मान खाली घालून, हळू आवाजात मला ते म्हणता आलं असतं, आणि कदाचित अक्कांना तेवढंच हवं होतं. मी मान ताठ ठेवली आणि त्या दिवशी जसं म्हटलं होतं तसंच, तेवढ्याच चढ्या आवाजात म्हटलं.

“‘तुमची कूस देवानं उजवली नाही तेच बरं केलं. असल्या बाईच्या पोटी जन्म कोण घेईल?’ असं म्हटलं होतं मी. झालं समाधान? द्या आता.”

अक्का माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या.

मी वळून पाहिलं. मागच्या दारात भावजी उभे होते. पूजेचं धोतर, अंगावर उपरणं, कपाळाला गंध, हातात गंधोदकाची वाटी. देवाच्या अभिषेकाचं ते पाणी ते रोज घरी आणायचे, अक्कांच्या कपाळाला लावायला.

“कधी म्हणालीस हे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही ते,” अक्का उठत म्हणाल्या. “तुम्ही आत जा. कपडे बदला.”

“रत्ना, कधी?”

“जुनं आहे. बायकांचं आहे. तुम्ही जावा की आत.”

भावजींनी वाटी ओट्यावर ठेवली. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी, जपून ठेवली. मग माझ्याकडं वळले. मी त्यांच्याशी कधी डोळ्याला डोळा देऊन बोलले नव्हते. त्या दिवशी द्यावा लागला.

“शरयू, हिच्यात काही नाही. दोष माझ्यात आहे.”

“अहो!”

“लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी आईला सांगायला निघालो होतो, हिनं सांगू दिलं नाही. म्हणाली, माझ्यात आहे म्हणूया. बाईला बोलायची लोकांना सवय असते, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील.”

“गप्प बसा!” अक्का ओरडल्या. भावजींवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “गप्प बसा म्हणते ना मी!”

त्यांनी भावजींच्या तोंडावर हात ठेवला. भावजींनी तो हात धरून खाली घेतला, आणि दुसऱ्या हातातली डायरी काढून घेतली. अक्कांच्या हातात धरून ठेवायचं बळ राहिलं नव्हतं.

“किती वाजता आहे तुझं?” त्यांनी मला विचारलं.

इथं मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. राहू दे, भावजी. एवढंच. नाहीतर अक्कांपुढं खाली बसून पाय धरायचे होते. दोन्हीला अर्धं मिनिट पुरलं असतं. आज त्या नोकरीला आठ वर्षं होऊन गेली. बढती झाली, हाताखाली सहा बायका आहेत, आणि त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

“अकरा वाजता,” मी म्हणाले.

भावजी धोतरानिशी माझ्यामागून जिना चढले. लॅपटॉपपुढं बसले. चष्मा खाली राहिला होता, म्हणून डायरीतली अक्षरं मी वाचली आणि त्यांनी एका बोटानं, एकेक कळ शोधून दाबली. यंत्राच्या खोक्यावर छापलेली असतात तसली अक्षरं आणि आकडे होते ते, कशाला काही अर्थ नसलेले. एकदा चुकलं. पुन्हा घातलं. गोल फिरत राहिलं, मग थांबलं.

“लागलं,” भावजी म्हणाले.

“भावजी, मी...”

“आधी ते कर.” त्यांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला. “नीट शिकव.”

ते खाली गेले. मी तोंड धुतलं, केस सारखे केले, साडीला पिन लावली. अकराला दोन मिनिटं कमी असताना पुण्याच्या मॅडम पडद्यावर आल्या. चित्र स्वच्छ होतं, आवाज स्वच्छ होता. त्यांनी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितली, मी दाखवली. मग म्हणाल्या, सहावीच्या वर्गाला अपूर्णांकांचा भागाकार शिकवा.

मी सुरू केलं. तीन छेद चारला एक छेद दोननं भागायचं. भाकरीचे तुकडे काढून दाखवले. माझा हात सुंदर चालत होता. नऊ वर्षांनी खडू हातात यावा तसं झालं होतं, आणि मला आनंद होत होता, हे मी लपवत नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला. माझ्या खोलीची खिडकी बरोबर त्यांच्या स्वयंपाकघरावर येते.

“अठरा वर्षं!” अक्का म्हणत होत्या. “अठरा वर्षं मी लोकांचं ऐकून घेतलं, आईंचं ऐकून घेतलं, बारशाला बोलवायचं बंद केलं ते सोसलं, ते काय आज हिच्यापुढं सांगायला? हिच्यापुढं?”

भावजींचा आवाज आला नाही. मग अक्कांचे शब्दही आले नाहीत, नुसतं रडणं आलं. ते थांबेना.

मी आवाज थोडा वाढवून पुढची पायरी लिहिली. पुण्याच्या मॅडमनी कानातलं यंत्र चाचपलं.

“शरयू, एक मिनिट. तुमच्याकडं कोणी रडतंय का?”

मी थांबले.

“काही अडचण असेल तर सांगा,” त्या म्हणाल्या. चांगल्या बाई होत्या, आजही आहेत. “आपण दहा-पंधरा मिनिटं थांबू शकतो. मला घाई नाही. जाऊन बघून या हवं तर. घरातलं कोणी आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. “शेजारी आहेत.”

आणि उठून खिडकी लावून घेतली.